कानाचा आजार तुम्हाला ठाऊक होता

नॉर्दर्न टेरिटरी सरकार,
डार्विन, ऑस्ट्रेलिया
यांस,

पत्राच्या सुरुवातीला आमच्याकडे ‘सा. न. वि. वि.’ लिहायची पद्धत आहे. यातला नमस्कार मी गाळते आहे. आधी विशेष काय ते सांगते, विनंतीचं शेवटी बघू. तुमच्या हद्दीतल्या ॲबोरिजिनल मुलांना वर्गात नीट ऐकू येत नाही, हे तुम्हाला गेली तीस वर्षं तरी ठाऊक आहे. ठाऊक असून तुम्ही दरवर्षी त्यांची परीक्षा घेता, दरवर्षी ती नापास होतात, आणि दरवर्षी तुम्ही त्या मुलांकडे, त्यांच्या आयांकडे आणि त्यांच्या भाषेकडे बोट दाखवता.

हे पत्र कोणा एका मुख्यमंत्र्याला नाही. 1978 साली तुम्हाला स्वतःचा कारभार मिळाला. तेव्हापासून कधी कंट्री लिबरल, कधी लेबर, असे दोन्ही पक्ष आलटून पालटून त्या खुर्चीत बसले. माणसं बदलली, पाट्या बदलल्या, धोरणांची नावं तर दर निवडणुकीला बदलली. पोराच्या कानाबाबत मात्र तुमची वागणूक इतकी सारखी राहिली आहे की तुम्हाला एकच गुन्हेगार म्हणून संबोधताना मला जराही अडखळायला होत नाही.

कान फुटणं, कान वाहणं हे शब्द आमच्याकडच्या आयांनाही नवे नाहीत. पोराला सर्दी होते, नाकापासून कानापर्यंतची नळी तुंबते, पडद्यामागे पाणी साठतं, त्यात जंतू वाढले की पू होतो, आणि दाब असह्य झाला की पडदा फाटून कान वाहू लागतो. सिडनीतल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलालाही हे होतं. पण त्याचं काही आठवड्यांत बरं होतं आणि घरचे विसरूनही जातात. तुमच्या दूरच्या वस्त्यांतल्या बाळांच्या नाकात हे जंतू जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच मुक्काम ठोकतात. डार्विनच्याच मेन्झीज संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी 2001 साली 29 वस्त्यांतली सहा महिने ते अडीच वर्षांची बाळं तपासली, तेव्हा दहापैकी नऊ बाळांच्या कानांत काही ना काही दुखणं होतं. सतत वाहणाऱ्या कानांचं प्रमाण 4 टक्क्यांच्या वर गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला तातडीने हाताळण्याचं मोठं संकट मानते. तुमच्या काही वस्त्यांत ते याच्या कितीतरी पट आहे. ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं सांगितला जाणारा आणखी एक हिशेब असा: वयाच्या दुसऱ्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत इतर मुलांचे सरासरी 3 महिने कानाच्या दुखण्यात जातात, ॲबोरिजिनल मुलांचे 32 महिने.

बत्तीस महिने! आणि हे महिने मधूनमधून विखुरलेले असतात, त्यामुळे ते अधिक घातक ठरतात. आज थोडं ऐकू येतं, पुढच्या आठवड्यात येत नाही, पावसाळ्यात एक कान बंद, नंतर दुसरा. याच वयात मेंदू बोलण्याचे आवाज ओळखायला शिकत असतो: कोणता आवाज आईचा, कोणता पंख्याचा, दोन शब्दांमधली सीमा कुठे, गोंगाटातून एकाच माणसाचं बोलणं कसं पकडायचं. हे शिकण्याचे दिवस पडद्यामागच्या पाण्यात बुडाले, तर पुढे पडदा सांधला तरी ती उणीव सहज भरून निघत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या कानात डोकावून डॉक्टर सांगतो की आता पडदा ठीक आहे. शांत खोलीत यंत्रावर त्याला सूर ऐकू येतात. त्याच मुलाला पत्र्याच्या छताच्या, घरघरणाऱ्या पंख्यांच्या, तीस पोरांच्या वर्गात बसवलं की शिक्षिकेचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं कळतं. आवाज पोचतो, पण त्याचे शब्द होत नाहीत. हे तुमच्या शिक्षण खात्यातल्या मानसतज्ज्ञांना माहीत आहे. डार्विनचे मानसतज्ज्ञ डेमियन हॉवर्ड यांनी तर वर्गातल्या या मुलांच्या वागण्यावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. ही मुलं सूचना कळली नाही की शेजाऱ्याकडे पाहून तसंच करतात, तेही जमलं नाही की खोड्या काढतात, वर्ग उधळतात किंवा उठून निघून जातात. तुमच्या शेरेबहादुरांनी त्याला बेशिस्त म्हटलं आणि मुलाला घरी बसवलं.

आता या मुलाला तुम्ही शिकवता कोणत्या भाषेत, तेही बोलू. वार्लपिरी किंवा पित्यंत्यत्यारा बोलणारं मूल घरून जी आवाजांची पेटी घेऊन येतं, त्यात स, श, फ असे फुसफुसणारे आवाज नाहीतच. मराठी वाचकांना गंमत वाटेल, या भाषांत ट आहे, ण आहे, ळ आहे. आपल्या ‘बाळ’मधला जो ळ इंग्रज माणसाला जन्मभर जमत नाही, तो तिथल्या तीन वर्षांच्या पोराच्या तोंडी असतो. इंग्रजीत मात्र हेच हलके, कुजबुजते आवाज जिकडेतिकडे पसरलेले आहेत. एकवचनाचं अनेकवचन करायला पुष्कळदा एक बारीक ‘स’ पुरतो. ऐकू कमी आलं की सगळ्यात आधी हेच आवाज हरवतात. म्हणजे मुलाला आयुष्यात कधी न भेटलेला आवाज, तोही त्याच्या कानाला न पोचणारा, त्याने ओळखून अक्षराशी जोडायचा आहे. मातृभाषेत शिकताना निदान अंदाज बांधता येतो. अर्धा शब्द ऐकू आला तरी उरलेला अर्धा घरच्या ओळखीने भरून काढता येतो. परक्या भाषेत तो आधारही जातो.

आणि तुम्ही काय केलंत? 1973 पासून तुमच्या भागात काही शाळांत मुलांना आधी त्यांच्या भाषेत वाचायला शिकवण्याचा उपक्रम सुरू होता. त्या शाळांत गावातल्याच बायका शिक्षिका होत्या, आणि त्यांचा आवाज, चेहरा, हातवारे मुलांना जन्मापासून परिचयाचे होते. ऐकण्यात अडचण असलेल्या मुलाला ओळखीच्या माणसाचं बोलणं जास्त समजतं. म्हणजे त्या बायका नकळत कानाच्या आजारावरही उपाय करत होत्या. 2008 साली देशभराची नॅपलॅन परीक्षा पहिल्यांदा झाली, तुमचे निकाल तळाला गेले, आणि त्याच ऑक्टोबरात तुमच्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमगर यांनी जाहीर केलं की प्रत्येक शाळेत दिवसाचे पहिले चार तास फक्त इंग्रजीतून शिकवायचं. त्या स्वतः ॲबोरिजिनल, आणि पुढे त्यांनी या निर्णयाबद्दल खेदही व्यक्त केला, हे नोंदवायला हवं. पण खेद व्यक्त होईतो वर्षं गेली होती. सकाळचे चार तास म्हणजे मुलाची हुशारी आणि ताकद शाबूत असण्याचा वेळ. तो तुम्ही त्याला सगळ्यात कमी समजणाऱ्या आवाजांसाठी राखून ठेवलात. निकाल सुधारण्यासाठी उचललेलं हे पाऊल होतं. कान तपासून मग भाषा ठरवू, असं तुमच्या मंत्रिमंडळात कुणालाही सुचलं नाही.

तुम्ही म्हणाल, या मुलांची आकलनशक्तीच वेगळी. हे म्हणणं तुमच्या खात्याहून जुनं आहे. 1929 साली स्टॅन्ली पोर्टियस नावाचे मानसशास्त्रज्ञ मध्य आणि वायव्य ऑस्ट्रेलियात कागदावर छापलेले चक्रव्यूह घेऊन फिरले. ज्यांच्यापैकी अनेकांच्या हातात त्याआधी पेन्सिल आली नव्हती, त्यांना वाट रेघेने काढायला लावली आणि 1931 साली त्यावर जाडजूड पुस्तक छापलं. शेकडो मैल वाळवंटात पाण्याच्या जागा लक्षात ठेवून चालणाऱ्या माणसांची वाट शोधण्याची बुद्धी त्यांनी त्या कागदावर मोजली.

याच्या उलट जाणारा एक प्रयोग आहे, आणि तो मला तुम्हाला सविस्तर सांगायचा आहे, कारण तुमच्या एकाही परीक्षेत त्याचा मागमूस नाही. पर्थच्या जुडिथ कियरिन्स यांनी वाळवंटी भागातल्या ॲबोरिजिनल आणि गोऱ्या मुलांपुढे चौकटी आखलेला एक ट्रे ठेवला. प्रत्येक चौकटीत एक वस्तू. तीस सेकंद पाहायचं, मग सगळ्या वस्तू एकत्र करून ढीग करायचा, आणि मुलाने प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे मांडायची. चार प्रकारे मांडणी केली: कधी माणसाने बनवलेल्या वेगवेगळ्या वस्तू, कधी निसर्गातल्या वेगवेगळ्या, कधी सगळ्या बाटल्याच, कधी नुसते दगड. चारही प्रकारांत ॲबोरिजिनल मुलं पुढे राहिली. गोऱ्या घरांत रोज दिसणाऱ्या वस्तूंतही ती पुढे होती. कियरिन्स यांनी मुलांना पाहून टिपलेली गोष्ट त्याहून मोलाची आहे. गोरी मुलं पुटपुटत होती, वस्तूंची नावं मनाशी घोकत होती, चुळबुळत होती. दगडांपाशी आल्यावर घोकायला नावंच उरली नाहीत आणि ती अडली. ॲबोरिजिनल मुलं स्थिर बसून नुसतं पाहत होती आणि पाहिलेलं चित्र डोळ्यांत ठेवून दगड परत लावत होती. हे संशोधन 1981 साली प्रसिद्ध झालं. किशोरवयीन मुलांच्या आकलनाचा याहून स्वच्छ पुरावा क्वचित सापडेल, आणि तो सांगतो की ही मुलं बघून, स्तब्ध राहून, अवकाश ध्यानात ठेवून शिकण्यात तरबेज आहेत. म्हणजे ज्यांचा कान अधू आहे त्यांचा डोळा विलक्षण तयार आहे. एखाद्या शहाण्या शिक्षण खात्याने यावर अख्खी शाळा उभी केली असती. तुम्ही नववीपर्यंत दर दोन वर्षांनी त्यांच्यापुढे इंग्रजी उताऱ्यांची परीक्षा ठेवलीत आणि गुणांचा तक्ता वर्तमानपत्रांना दिलात.

पैशाचंही सांगते. अगदी अलीकडेपर्यंत तुम्ही शाळांना निधी द्यायचात तो पटावरच्या मुलांवर नव्हे, प्रत्यक्ष हजेरीवर. ऐकू न येणारं पोर कंटाळून शाळेत येईनासं होतं, की शाळेचे पैसे कमी होतात. पैसे कमी झाले की मदतनीस शिक्षिका जाते, तीच जिचं बोलणं त्याला समजायचं. मग आणखी पोरं गळतात. ज्या शाळांना सर्वांत जास्त पैसा हवा होता, त्यांचाच पैसा तुमच्या सूत्राने कापला. हे सूत्र तुमच्या कचेरीत कुणीतरी बसून लिहिलं, कुणीतरी तपासलं, कुणीतरी त्यावर सही केली. ओरड झाल्यावर ते मागे घेतलंत, हे खरं. त्या वर्षांत गळालेली मुलं आता मोठी झाली आहेत.

घरांबद्दल तुमचा युक्तिवाद मला पाठ आहे: आम्ही घरं बांधून देतो, हे लोक मोडून टाकतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी भूमीत 1980 च्या दशकात सुरू झालेलं, नंतर देशभर पसरलेलं एक काम आहे. वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन नळ, मोरी, संडास, वीज तपासत आणि तिथल्या तिथे दुरुस्त करत. पोराला आंघोळ घालता येते का, तोंड धुता येतं का, एवढाच त्यांचा प्रश्न, कारण नाकातला शेंबूड आणि हातावरची घाण हाच जंतूंचा रस्ता. हजारो घरं पाहिल्यावर त्यांना चालू स्थितीतली आंघोळीची सोय सापडली जेमतेम 35 टक्के घरांत. दुरुस्तीवरच्या खर्चाची कारणं लिहून ठेवली, तेव्हा राहणाऱ्यांनी केलेली मोडतोड भरली 9 टक्के. 21 टक्के खर्च मुळातल्या निकृष्ट बांधकामामुळे, आणि 70 टक्के नेहमीची देखभाल न केल्यामुळे. देखभाल करायची होती घरमालकाने. तुमच्या दूरच्या वस्त्यांत तो घरमालक बहुतेक ठिकाणी सरकारच आहे. एका घरात दहा-बारा माणसं, एकच नळ, तोही गळका, आणि बाळाचा कान वाहतो आहे; यात आई कुठे चुकली, ते तुम्ही मला दाखवून द्या.

शाळेतून गळालेला हा मुलगा पुढे कुठे सापडतो, हेही तुम्हाला माहीत आहे. हॉवर्ड आणि ट्रॉय व्हँडरपोल यांनी तुमच्याच तुरुंगांत जाऊन ॲबोरिजिनल कैद्यांचे कान तपासले आणि 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: तपासलेल्यांपैकी 94 टक्क्यांची श्रवणशक्ती लक्षणीय कमी होती. शंभरात चौऱ्याण्णव. त्याआधीच, 2010 साली, ऑस्ट्रेलियन सिनेटच्या चौकशी समितीने ऐकण्याचा प्रश्न आणि तुरुंग यांचा संबंध स्पष्ट लिहिला होता. शेजारच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बँक्सिया हिल बालसुधारगृहातली 99 मुलं तपासली, तेव्हा 89 टक्क्यांच्या मेंदूच्या वाढीत निदान एका बाबतीत गंभीर अडचण आढळली. आईच्या पोटात असताना दारूने झालेल्या इजेचं निदान झालेली मुलं 36 होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचं ते निदान तोवर झालेलंच नव्हतं. शाळेत, दवाखान्यात, कोर्टात ही मुलं वर्षानुवर्षं मोठ्या माणसांसमोर बसली होती. कुणी पाहिलं नाही.

पोलीस चौकीत प्रश्न विचारले जातात. मुलाला अर्धं कळतं. तो मान खाली घालतो, गप्प राहतो, किंवा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, म्हणजे हे लवकर संपेल. गप्प बसला की उर्मट, हो म्हणाला की कबुली. 2023 साली तुम्ही फौजदारी जबाबदारीचं वय दहावरून बारावर नेलंत, त्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन करावं असं वाटलं होतं. 2024 मध्ये नवं सरकार आलं आणि ऑक्टोबरात ते वय पुन्हा दहावर आणलंत. दहा वर्षांचं मूल म्हणजे चौथी-पाचवीचं. त्याच्या दोन्ही कानांत काय चाललं आहे, ते न तपासता त्याच्या गुन्ह्याचा विचार करायला तुम्ही मोकळे झालात.

उपाय माहीत नव्हते, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. वाहणारा कान टिश्यूच्या कागदाची वात करून कोरडा करायचा आणि मग थेंब घालायचे, हे वस्तीतली कुठलीही आजी एका दुपारी शिकते. शाळेत रोज सकाळी नाक शिंकरायला लावणारे उपक्रम तुमच्याच भागात झाले आहेत. शिक्षिकेच्या गळ्यात माइक आणि वर्गात चार स्पीकर लावले की मागच्या बाकावरही आवाज स्वच्छ पोचतो. त्याला एखाद्या मंत्र्याच्या विमानप्रवासाएवढाही खर्च येत नाही. सव्वीस वर्षांखालच्यांना श्रवणयंत्र केंद्र सरकार फुकट देतं. मेन्झीजने वस्तीतल्याच तरुण-तरुणींना कान तपासायला शिकवून कामाला लावलं आहे. राहिली घरं. मार्च 2024 मध्ये केंद्राबरोबर तुम्ही दहा वर्षांत 2,700 घरांचा करार केलात. घरं बांधा, पण त्यात नळ दुरुस्त करणारा माणूस पगारावर ठेवल्याचं मला दाखवा, मग बोलू.

हे सगळं मराठीत का, असं कुणी विचारेल. कारण आमच्या मेळघाटात कोरकू बोलणारं मूल पहिल्या दिवशी मराठी शाळेत बसतं आणि आम्हीही त्याला मंद ठरवून मोकळे होतो. आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासण्यांच्या यादीत कानाचा संसर्ग 2013 पासून आहे. यादीत असणं आणि आश्रमशाळेत डॉक्टरने खरंच प्रत्येक पोराच्या कानात दिवा धरणं, यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजायची जबाबदारी आमची. तुमच्याकडे मेन्झीजसारखी संस्था आहे, तीस वर्षांचे आकडे आहेत, तिजोरी आहे आणि आमच्या एखाद्या जिल्ह्यापेक्षा कमी लोकसंख्या आहे. म्हणून तुमचा गुन्हा मोठा.

विनंतीचं शेवटी बघू म्हटलं होतं. आता विनंती नाही, मागणीच करते. पुढच्या नॅपलॅनचा तक्ता छापाल, तेव्हा प्रत्येक शाळेच्या गुणांशेजारी एक रकाना वाढवा: या शाळेतल्या किती मुलांचे कान यंदा तपासले, आणि कितींना त्या दिवशी दोन्ही कानांनी नीट ऐकू येत होतं. तो रकाना कोरा असेल, तर त्या वर्षीचा निकाल मुलांच्या नावावर लावू नका, तुमच्या नावावर लावा. आणि दहा ते सतरा वयाच्या कुठल्याही मुलाला कोर्टासमोर उभं करण्याआधी त्याच्या कानांची तपासणी झाल्याचा कागद न्यायाधीशापुढे ठेवा. हे दोन्ही करायला तुम्हाला दिल्लीला, जिनिव्हाला किंवा कॅनबेराला विचारावं लागत नाही. तुमच्याच विधानसभेत, डार्विनमध्ये, एका अधिवेशनात होण्यासारखं काम आहे.